दुधनीच्या वाटेवर, रज्जाक मास्तरांच्या क्लॅरिनेटमागे

"मॅडम, यंदा जत्रंला येऊ नका," असा इसाकचा फोन आला आणि मी पिशवी भरायला घेतली.

इसाक हा आमच्या सोलापुरातल्या 'न्यू दिलशाद ब्रास बँड'चा मालक. स्वतः ट्रंपेट वाजवतो. त्याचे चुलते रज्जाक मास्तर क्लॅरिनेट वाजवतात, आणि माझी सगळी धावपळ त्या क्लॅरिनेटसाठी असते. कोणी आवडत्या गायकाच्या मैफली चुकवत नाही, कोणी क्रिकेटचे सामने चुकवत नाही. मी हा बँड चुकवत नाही. नवीन नोकरीत असताना माळशिरसला एका सहकाऱ्याच्या बहिणीच्या लग्नाला गेले होते. वरातीच्या पुढचा ट्रॅक्टर बंद पडला, ढोलवाले सावलीला जाऊन बसले, आणि रिकामा वेळ जावा म्हणून एक तरुण माणूस भर उन्हात एकटाच क्लॅरिनेट वाजवत राहिला. नवरदेव घोड्यावर घामाघूम, करवल्या वैतागलेल्या, आणि तो डोळे मिटून पहाडीची धून वाजवतोय. ट्रॅक्टर दुरुस्त झाला तेव्हा वाईट वाटणारी त्या वरातीत मी एकटीच असावी.

तेव्हापासून कुर्डुवाडीच्या रेल्वे कॉलनीतली लग्नं, अक्कलकोट तालुक्यातल्या जत्रा, शहरातल्या मिरवणुका, जिथे हा बँड तिथे मी. नोकरी सांभाळून, रजा काढून, निवृत्तीनंतर तर बिनदिक्कत. एक नियम मात्र पाळला. ज्या लग्नाचं आमंत्रण नाही तिथे जेवायचं नाही. डबा बरोबर. लोकांना वाटायचं मी मुलीकडची, मुलीकडच्यांना वाटायचं मुलाकडची. कोणी विचारलंच तर खरं सांगते, "बँड ऐकायला आले." बहुतेक जण हसतात आणि खुर्ची देतात.

वाजवून झाल्यावर मास्तर माझ्याकडे येतात आणि विचारतात, "कसं झालं, बाई?" मी काय चुकलं ते सांगते. अंतरा घाईत गेला, कोमल निषाद उतरला, ढोल जास्त झाला. चांगलं झालेलं मी सांगत नाही, ते त्यांना माहीतच असतं. हा आमचा इतक्या वर्षांचा व्यवहार. त्यामुळे 'येऊ नका' हे मला पटण्यासारखं नव्हतं.

"का येऊ नको?" मी विचारलं.

इसाक आधी गाडीची अडचण सांगू लागला, मग उन्हाची. मी गप्प राहिले. गप्प राहिलं की इसाक खरं बोलतो.

"चाचांचे वरचे सगळे दात काढले, मॅडम. साखरेमुळं हलत होते. आता कवळी हाय. कवळीवर क्लॅरिनेट धरवत न्हाय त्यांना. जत्रंत ते नुसतं हातात धरून बोटं हलवणार, वाजवणार मी. तुमच्यासमोर असलं करायचं न्हाय म्हणतात. आणि ह्या वेळी न्हाय जमलं तर क्लॅरिनेटची पेटी कायमची बंद, असंही म्हणतात."

ज्यांना हे वाद्य माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. क्लॅरिनेटच्या तोंडावर वरचे दात टेकवायचे असतात, आणि खालचा ओठ आत दुमडून त्यावर पत्ती, म्हणजे रीड, धरायची असते. वरचे दात हा सगळ्याचा टेकू. तोच सरकायला लागला की उंच सुरावर वाद्य तोंडात हलतं आणि सूर फाटतो.

माझी धाकटी जाऊ शोभा सोबत यायला तयारच होती. तिला बँडमधलं काही कळत नाही, जत्रेतलं सगळं कळतं.

सकाळी लवकर सोलापूरच्या एसटी स्टँडवर आलो. दुधनीला रेल्वेनेही जाता येतं, स्टेशन गावालाच आहे, पण गाडीची वेळ आपल्या सोयीची असेलच असं नाही. आदल्या दिवशी चौकशी करावी. आम्ही अक्कलकोटची बस धरली. बायकांना एसटीत अर्धं तिकीट असल्यामुळे या प्रवासात सर्वांत स्वस्त काय पडलं तर प्रवासच. अक्कलकोटपर्यंतचा रस्ता आता रुंद आणि गुळगुळीत आहे. बस सुटली तशी शोभाने डोळे मिटले आणि अक्कलकोट आल्यावरच उघडले. मी खिडकीतून काढलेल्या ज्वारीच्या पेंढ्या बघत होते आणि मनात एकच चाललं होतं. आपण जाऊन त्या माणसाची अडचण तर करत नाही ना?

अक्कलकोट स्टँडबाहेर चहा घ्या, पण भजी घेऊ नका. भूक दुधनीसाठी ठेवा. पुढचा रस्ता मधूनमधून खडबडीत आहे, पाठीचा त्रास असलेल्यांनी बसच्या मागच्या बाकावर बसू नये. वाटेतल्या गावांत बसमध्ये चढणारी माणसं मराठीत भांडायला सुरुवात करतात आणि कानडीत मिटवतात. आमच्यापुढे एक म्हातारी कंडक्टरला म्हणत होती, "अर्धं तिकीट म्हंजी अर्धंच बसू का? सरक की जरा." कंडक्टर निमूटपणे सरकला.

दुधनीत बाजार समितीच्या रस्त्यावर चुरमुऱ्यांचा सुसला आणि मिरचीची भजी खाल्ली. वीस-तीस रुपयांत पोट भरतं. हॉटेलवाल्या काकूंनी "ऊटा आतेन्री?" म्हणजे जेवण झालं का म्हणून विचारलं, तर शोभाने तिच्या माहेरच्या कानडीत असं काही उत्तर दिलं की दोन भजी जास्त आली. तिथून जत्रेच्या गावाला वडाप जीप. जीप भरल्याशिवाय सुटत नाही, आणि भरली म्हणजे काय याची कल्पना ड्रायव्हरची वेगळी, आपली वेगळी.

गावाचं नाव मुद्दाम देत नाही. लहान गाव आहे, जत्रेला आधीच दाटी होते. देवळापुढे मोठं पटांगण, एका बाजूला रथ सजवून उभा. संध्याकाळी रथ ओढतात. त्याआधी, जेवणाच्या पंगती बसण्यापूर्वी, दोन बँडचा सामना होतो. दोन्ही बँड समोरासमोर उभे राहतात, एकाने वाजवायचं, दुसऱ्याने त्याला उत्तर द्यायचं. गावचे पंच ऐकतात आणि ज्याचं सरस त्याला रथापुढे वाजवायचा मान आणि पुढच्या वर्षीच्या सामन्याचा नारळ देतात. तो नारळ बरीच वर्षं दिलशादकडे होता.

बँडची माणसं शाळेच्या व्हरांड्यात होती. लाल कोट लिंबाच्या फांद्यांना टांगलेले. मास्तर एका कोपऱ्यात पेटीवर हात ठेवून बसले होते. मला बघून उठले नाहीत. एरवी उठतात.

"तुमाला नको म्हणून सांगितलं व्हतं, बाई."

"मी जत्रेला आले आहे," मी म्हटलं. "देवाच्या दारात यायला तुमची परवानगी लागते का?"

ढोलवाला हसला. "मास्तर, सांगा की बाईंना. आमाला नवे कोट न्हायत, पन तुमाला नवा सेट आलाय."

"तू गप बस," मास्तर म्हणाले, आणि बोलताना कवळी खट्कन वाजली. त्यांनी तोंडावर हात धरला. शोभाने दुसरीकडे बघितलं. माझ्या बाबतीत असं होत नाही, मी सरळ बघत राहिले.

"दातांशिवाय वाजवून पाहिलं का?"

"बघितलं. घरी, दार लावून. वरचा ओठ बी आत घ्यायचा. आवाज येतोय. पन लहान येतोय, आनि वरची पट्टी न्हाय. जत्रंत लहान आवाज कोन ऐकतंय? आनि असला फौजेवानी कोट घालून बोळक्या तोंडानं उभा ऱ्हाऊ व्हय, सगळ्या गावापुढं?"

मी एवढंच म्हटलं, "मग पेटी उघडू नका. इसाकला वाजवू द्या. पण हातात धरून नुसती बोटं हलवू नका. मला ते बघवणार नाही."

"म्हणूनच येऊ नका म्हणलो व्हतो," मास्तर म्हणाले, आणि कोट घालायला उठले.

सामना सुरू झाला. समोरचा बँड सीमेपलीकडचा. गाडीवर कीबोर्ड, मोठाले स्पीकर, पोरीच्या आवाजात गाणारा एक गडी. त्यांनी नाचाचं गाणं सुरू केलं आणि निम्मी जत्रा तिकडे वळली. वाजवत चांगले होते, उगाच नावं ठेवणार नाही. आमच्याकडून इसाकने ट्रंपेटवर उत्तर दिलं. मास्तर त्याच्या शेजारी क्लॅरिनेट ओठांना लावून उभे, बोटं बरोबर जागच्या जागी फिरतायत, गाल मात्र हलत नाहीत. मी पहिल्या रांगेत होते. त्यांनी एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.

दोन फेऱ्या झाल्या आणि मल्लप्पा उठले. हे गावचे पंच, वयाने मास्तरांच्या आसपास, दर वर्षी खुर्ची न घेता खाली पोत्यावर बसून ऐकणारे. ते चालत आले आणि मास्तरांच्या पुढ्यात उभे राहिले.

"मास्तर, बोटं तुमची हालत्यात आनि आवाज ह्या पिपाणीचा येतोय. हे काय हाय?"

ट्रंपेटला पिपाणी म्हटल्यावर इसाकचं तोंड उतरलं. "काका, चाचांची तब्येत—"

"तुला न्हाय इचारलं. ह्यांना इचारलं. किती वर्सं ऐकतोय मी, मला कळत न्हाय व्हय? आजारी असाल तर बसा की. आमी काय हाकलून देतोय?"

पलीकडे स्पीकर चालूच होता. मास्तरांनी क्लॅरिनेट खाली घेतलं. मला वाटलं, संपलं. आता ते वळतील, पेटी बंद करतील, आणि माझंही इतक्या वर्षांचं हे इथेच संपेल.

ते वळले खरे, पण पाण्याच्या टाकीकडे गेले. पाठमोरे उभे राहून चूळ भरली. परत आले ते सरळ माझ्याकडे. हातात रुमालाची पुरचुंडी.

"बाई, हे धरा."

मी धरली. आत काय आहे हे हाताला लगेच कळलं. ओली आणि गरम होती. इसाक घाईने पुढे आला. "चाचा, नक्को जी. दात बिगर कैसा बजाते?"

"होठां हैं ना," मास्तर म्हणाले. दातांशिवाय त्यांचं बोलणं मऊ झालं होतं, चेहरा एकदम म्हातारा. एक-दोन बायका हसल्या. मास्तर मल्लप्पांना म्हणाले, "आवाज लहान येईल."

"येऊ द्या की. आमी जवळ येतो."

आणि खरंच, मल्लप्पांनी आपलं पोतं उचललं आणि मास्तरांच्या पायांशी टाकलं. ते बघून बाकीचे म्हातारे सरकले. मग बायका. ढोलवाल्याने काठ्या खाली ठेवल्या आणि हाताने थाप धरली, अगदी हलकी.

मास्तरांनी वाजवायला घेतलं ते खालच्या पट्टीत. इतकी वर्षं मी त्यांचं क्लॅरिनेट ऐकलं ते उंच, वरातीच्या गोंगाटाला चिरत जाणारं. ही तीच पहाडी होती, पण एखाद्याने भरल्या घरात कोणाला जाग येऊ नये अशा बेताने गुणगुणावी तशी. सुराला कडा नव्हती. सुरुवातीला दोनदा नुसती हवा आली. ओठ थरथरताना दिसत होते. एका जागी धून वर चढते, तिथे मी श्वास रोखला, कारण तो सूर आता त्यांच्याकडे नव्हता हे मला माहीत होतं. ते तिथपर्यंत आले आणि वर गेलेच नाहीत. खाली उतरून दुसऱ्याच वाटेने घरी आले. इतक्या वेळा ऐकलेली धून, आणि मला ही वाट माहीतच नव्हती.

पलीकडचा स्पीकर कधी बंद झाला ते कळलं नाही. त्यांचा गाणारा गडी पहिल्यांदा आला, मग कीबोर्डवाला, दोघं गर्दीच्या कडेला उकिडवे बसले. शोभा माझ्या कानाशी म्हणाली, "अक्का, रुमाल जरा सैल धरा, तुटेल काहीतरी." मी मूठ इतकी आवळली होती.

वाजवून झालं. मल्लप्पा म्हणाले, "छलो आतु." चांगलं झालं, एवढाच अर्थ. मग ते म्हणाले, "पन नारळ त्यांचा. रथापुढं मोठा आवाज लागतो, मास्तर. खोटं कशाला बोलू?"

"बरोबर हाय," मास्तर म्हणाले.

"तुमी पुढच्या वर्सी पहाटे या. पालखी निघती तवा. तवा गाव झोपेत असतंय. तितं हेच वाजवा."

इसाकचा नारळ गेला. त्याला वाईट वाटलं, आणि वाटायलाच हवं होतं. लग्नसराईत दहा ठिकाणी सांगता येतं की हा नारळ आमच्याकडे आहे. पण तो मास्तरांच्या कोटाची बटणं सोडवत होता आणि बोलत मात्र पहाटेच्या पालखीबद्दलच होता. किती माणसं न्यायची, ढोल न्यायचा की नाही.

मास्तर माझ्याकडे आले. "कसं झालं, बाई?"

सवयीने मी चूक शोधली. "सुरुवातीला दोनदा हवा आली."

"व्हय."

"वरचे सूर आले नाहीत." एवढं बोलून मी थांबले. नेहमी इथेच थांबते. "आणि मला त्यांची आठवण झाली नाही, मास्तर. तुम्ही माळशिरसला त्या उन्हात वाजवत राहिलात, तेव्हापासून मी तुमच्यामागे फिरते आहे. माझे फार चांगले दिवस गेले. हे सांगायचं राहिलं होतं."

मास्तरांनी कोटाच्या बाहीने क्लॅरिनेटचं तोंड पुसलं, आणि पुसून झालेलं पुन्हा पुसलं.

"चला, जेवायला," शोभा म्हणाली. "पंगती बसल्या."

महाप्रसादाला आमंत्रण लागत नाही, त्यामुळे मी निर्धास्त जेवले. तुम्ही त्या बाजूला जत्रेत गेलात तर पंगत चुकवू नका. हुग्गी म्हणजे गव्हाची गुळातली खीर, त्यावर तूप, भरलं वांगं, ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, ताक. पत्रावळीवर हुग्गी पसरायच्या आत खावी लागते, नाहीतर ती ताकाकडे निघते. समोरच्या पंगतीत मास्तर आणि मल्लप्पा शेजारी बसले होते. मास्तर हुग्गी सावकाश खात होते, आणि भाकरी ताकात कुस्करून. रथ ओढायच्या आत आम्ही निघालो, कारण नंतर वडाप मिळत नाही. हे ध्यानात ठेवा.

अक्कलकोटहून सोलापूरच्या बसमध्ये शोभाने सुट्ट्या पैशांसाठी माझी पर्स मागितली. तिने हात घातला आणि किंचाळली. आजूबाजूचे लोक बघायला लागले. तिने दोन बोटांनी पुरचुंडी वर काढली.

"अक्का, हे काय आणलंत तुम्ही?"

मास्तरांचे दात सोलापूरला निघाले होते आणि मास्तर मागे जत्रेत. इसाकला फोन लावला. ढोल, गर्दी, काही ऐकू येईना. शेवटी तो म्हणाला, "चाचांना इचारलं, मॅडम. ते म्हणतात, कुठले दात?"

दुसऱ्या दिवशी दुपारी कवळी घेऊन बँडच्या दुकानात गेले. ती स्वच्छ धुऊन डबीत घालून ठेवली होती. कोणाचीही वस्तू परत करताना धुऊन करावी. रस्त्यात पुण्याहून मुलाचा फोन आला. त्याला सगळं सांगितलं, तर म्हणाला, "आई, तोच बँड, त्याच धुना. इतक्या वेळा जाऊन तुला मिळतं तरी काय?"

रस्ता ओलांडायचा होता म्हणून त्याला नीट उत्तर दिलं नाही. इथे देते, त्याने वाचावं. नवीन काही मिळावं म्हणून मी जात नव्हतेच. एकच माणूस एकच धून तरुणपणी कशी वाजवतो, संसारात अडकल्यावर कशी वाजवतो, आणि दात गेल्यावर कशी, हे मला ऐकायला मिळालं. घरबसल्या रेकॉर्ड ऐकून हे मिळालं नसतं. त्यासाठी जावं लागतं, पुन्हा पुन्हा, आणि तो माणूस वाजवत राहावा लागतो. या दोन्ही गोष्टी इतकी वर्षं जुळून आल्या. मला याहून जास्त काही मागायचं नाही. तुमचाही कोणी असा आवडता वाजवणारा असेल, गावातला, जवळचा, तिकीट न लावणारा, तर पुढच्या वेळी कंटाळा करू नका. आणि मी केला तितका उशीर न करता त्याला एकदा सांगून टाका.

दुकानाचं शटर अर्धं उघडं होतं. आत ढोल एकावर एक रचलेले, लाल कोट खिळ्यांना टांगलेले, आणि त्यांच्या मधोमध स्टुलावर मास्तर बोळक्या तोंडाने क्लॅरिनेट वाजवत बसले होते. खालच्या पट्टीतच, पण कालच्या जत्रेत जिथे दोनदा हवा आली होती तीच जागा पुन्हा पुन्हा घोटत. मी वाकून आत गेले. त्यांनी डोळ्यांनीच बाकाकडे खूण केली. मी डबी मांडीवर ठेवून बसले. ती त्यांनी मागितली नाही, मीही पुढे केली नाही. चौथ्या की पाचव्या वेळी ती जागा स्वच्छ आली, आणि ते पुढे वाजवत राहिले.